‘5-6-7-8’ आणि साडेतीन वर्षांची चिअरलीडर

डिसेंबर लागला की माझ्या दवाखान्यात लहान मुलांची पोटदुखी वाढते. तिचं एक वैशिष्ट्य असतं. ती सकाळी शाळेच्या वेळेला सुरू होते, अकरानंतर ओसरते आणि रविवारी सुट्टी घेते.

अशीच एक साडेतीन वर्षांची मुलगी आईबरोबर आली होती. पोट मऊ, वजन व्यवस्थित, भूक ठीक, लघवीची तपासणीही नॉर्मल. आईला जंतांची शंका होती. मी मुलीला विचारलं, “शाळेत सध्या काय चालू आहे?” ती म्हणाली, “प्रॅक्टिस.” कसली, असं विचारल्यावर तिने दोन्ही हात वर केले. हातात नसलेले पॉम्पॉम हलवेल असं मला वाटलं. पण ती कमरेवर हात ठेवून ओरडली, “रांगेत! हलायचं नाही!”

पंधरा दिवसांच्या सरावातून तिच्या डोक्यात नाचापैकी एवढंच शिल्लक राहिलं होतं.

2008 मध्ये आयपीएल आलं आणि चिअरलीडर हा शब्द आपल्या घराघरांत पोहोचला. आता बालवाडीच्या क्रीडादिनाला आणि स्नेहसंमेलनाला रंगीत झुबके हातात घेऊन चिमुकली मुलं नाचतात, घोषणा देतात. यात मला काहीच गैर वाटत नाही. नाच, टाळ्या, आरोळ्या, मित्रांना ओरडून प्रोत्साहन देणं हे सगळं या वयाला साजेसंच आहे. माझी तक्रार नाचाबद्दल नाही, सरावाबद्दल आहे.

घड्याळ लावून बघा

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 3 ते 4 वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल करायला हवी, आणि त्यातली किमान 60 मिनिटं चांगली धाप लागेल अशी. पुण्यात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, व्हॅनने शाळेत जाणाऱ्या मुलांना एवढं हुंदडायला मिळणं अवघडच. तेव्हा शाळेतला नाचाचा सराव ही खरं तर चालून आलेली संधी आहे.

पण सराव चालू असताना एकाच मुलाकडे बघत राहा आणि ते प्रत्यक्ष हलतं किती वेळ ते मोजा. रांग लावण्यात, पुढच्या ओळीचं चुकलं म्हणून थांबण्यात, गाणं पुन्हा पहिल्यापासून लावण्यात बराचसा वेळ जातो. म्हणजे नाचाच्या तासाला मूल मुख्यतः उभं असतं. आणि या वयाच्या मुलाला धावण्यापेक्षा स्थिर उभं राहणं जास्त दमवतं.

त्यांना जमत नाही, कारण अजून जमायचं वय नाही

तिसऱ्या वर्षी मूल एका पायावर क्षणभरच तोल सांभाळू शकतं. लंगडीसारखी उडी साधारण चौथ्या वर्षी जमते. एकाआड एक पायाने उड्या मारत पुढे जाणं पाचव्या वर्षाच्या आसपास येतं. स्वतःचा डावा-उजवा हात खात्रीने ओळखायला बहुतेकांना सहावं वर्ष उजाडतं, आणि समोरच्या माणसाचा डावा-उजवा कळायला त्याहून उशीर लागतो.

आता बाई समोर उभ्या राहून स्वतःचा उजवा हात वर करतात आणि म्हणतात, “उजवा हात वर!” मूल आरशात बघावं तसं करतं, म्हणजे डावा हात वर करतं, आणि ओरडा खातं. वास्तविक त्याने नक्कल अचूक केलेली असते. उपाय सोपा आहे. बाईंनी आरसा व्हायचं. मुलांचा उजवा हवा असेल तर आपला डावा वर करायचा, आणि ‘उजवा-डावा’ऐवजी ‘खिडकीकडचा हात’, ‘दाराकडचा हात’ म्हणायचं.

तीच गोष्ट ‘5-6-7-8’ची. ही मोजणी मोठ्या नर्तकांसाठी आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला आकडे पाठ असतात, पण चौथ्या आकड्याला वळायचं हे त्याला झेपत नाही. त्याला चित्र कळतं. ‘आंबा तोडा’ म्हटलं की हात वर जातात. ‘मांजर लपलं’ म्हटलं की सगळे खाली बसतात. ‘पाऊस आला’ म्हटलं की बोटं नाचतात. चार चित्रांची एक छोटी गोष्ट झाली की नाच बसला.

सराव म्हणजे खेळच

आपल्या अंगणातले जुने खेळ इथे फार उपयोगी पडतात. ‘शिवाजी म्हणतो’ खेळताना मूल ऐकून हालचाल करायला शिकतं. ‘स्टॅच्यू’मध्ये थांबायला शिकतं. ‘डोंगर का पाणी’मध्ये जागा बदलायला शिकतं. स्टेजवर लागतात त्या याच तीन गोष्टी. रांगेसाठी ओरडण्यापेक्षा जमिनीवर खडूने प्रत्येकाचं ‘घर’ काढा, गाणं थांबलं की सगळे आपापल्या घरी. पॉम्पॉम शेवटच्या दिवसासाठी कपाटात जपून ठेवू नका, पहिल्याच दिवशी हातात द्या. सराव पंधरा-वीस मिनिटांचाच ठेवा, आणि मुलं “अजून एकदा!” म्हणत असतानाच थांबवा.

हे काही परदेशातून आणलेलं शहाणपण नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाडीचं काम केलं. शाळेत न येणाऱ्या मुलांसाठी शाळाच त्यांच्या अंगणात आणि गुरांच्या कुरणात नेली. मूल शाळेच्या साच्यात बसत नसेल तर साचा बदलायचा, हा धडा आपल्याच मातीतला आहे.

डॉक्टर म्हणून चार गोष्टी

*हाताला धरून उचलू नका.* पाच वर्षांखालच्या मुलाला मनगटाला धरून वर ओढलं, गरगर फिरवलं किंवा रांगेत झटका देऊन खेचलं, तर कोपरातलं छोटं हाड जागेवरून थोडं सरकू शकतं. मूल एकदम रडतं आणि तो हात वापरणंच बंद करतं. घरी ओढाताण किंवा मालीश न करता डॉक्टरांकडे न्या. नेहमीच्या प्रकारात तो क्षणात बसवता येतो. उचलायचंच असेल तर काखेत हात घालून उचला.

*मनोरे नकोत.* पडताना मूल हात टेकवतं, आणि 5 ते 7 वर्षांच्या वयात कोपराच्या वरच्या हाडाचं फ्रॅक्चर विशेष आढळतं. दहीहंडीच्या थरांवर 14 वर्षांखालच्या मुलांना चढवायला आपल्या राज्यात मनाई आहे. मग शाळेच्या मैदानावर पाच वर्षांचं मूल दुसऱ्याच्या खांद्यावर कशाला?

*शू आणि पाणी.* ‘प्रॅक्टिसमध्ये मध्येच जायचं नाही’ हा नियम काढून टाका. लघवी रोखून धरायची सवय लागली की कपड्यात शू होते, जळजळ होते, संसर्गाचा धोका वाढतो. ओरडा बसेल म्हणून काही मुलं पाणीच पीत नाहीत, मग बद्धकोष्ठता होते. सराव सुरू होण्याआधी सगळ्यांना एकदा नेऊन आणा, आणि मध्ये कुणी विचारलं तर लगेच जाऊ द्या.

*स्पीकर.* हाताच्या अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागत असेल, तर आवाज जास्त आहे. मुलांना स्पीकरसमोर उभं करू नका.

आणि हो, सगळी दुखणी प्रॅक्टिसच्या माथी मारू नका. पोटदुखीने मूल रात्री झोपेतून उठत असेल, हिरवी उलटी होत असेल, शौचातून रक्त जात असेल, वजन घटत असेल, किंवा एकच पाय दुखतोय, मूल लंगडतंय, सांधा सुजलाय, ताप आहे, तर थांबू नका, दाखवा.

दोष बाईंचा नाही

हे वाचून शाळेत भांडायला जाऊ नका. बाईंनाही ठाऊक असतं की तीस मुलं एका वेळी एकच हात वर करणार नाहीत. त्या ओरडतात कारण प्रेक्षकांत आपण मोबाइल वर धरून बसलेलो असतो. “बाजूच्या शाळेचा कार्यक्रम किती व्यवस्थित झाला!” हे वाक्य आपणच बोलतो. ते दडपण आपल्याकडून मुख्याध्यापकांकडे, तिथून बाईंकडे आणि शेवटी साडेतीन वर्षांच्या पोटात उतरतं.

माझं मत स्पष्ट आहे. बालवाडीचा नाच थोडा विस्कळीतच असला पाहिजे. कुणी उलटं वळेल, कुणी आईला हात करेल, कुणी मधेच खाली बसेल. तीन वर्षांची मुलं एका तालात, एका रांगेत, न चुकता नाचली, तर ती कशाच्या बदल्यात, हे मला विचारावंसं वाटतं. आणि जे मूल स्टेजवर जायला रडतं, त्याला ढकलू नका. ते पुढच्या वर्षी जाईल. या वर्षी ढकललं तर कदाचित पुढची कित्येक वर्षं जाणार नाही.

त्या मुलीला मी औषध दिलं नाही. आईला एवढंच सांगितलं की बाईंशी शांतपणे बोला, आणि संध्याकाळी “पाठ झालं का?” असं विचारू नका. “मला शिकव ना” असं म्हणा. तुम्ही रांगेत उभ्या राहा, तिला बाई होऊ द्या. तुम्ही चुका, तिला तुमची चूक काढू द्या. ती हसली की समजा, औषध लागू पडलं.