भिंतीआडचे पाइप आणि घरातली कावीळ

पावसाळ्यात एकाच इमारतीतले चार-पाच जण काविळीने आले, की आम्ही डॉक्टर बाहेरच्या खाण्यापिण्याची चौकशी करतो. आणखी एक प्रश्न विचारायला हवा : इमारतीत अलीकडे कोणी संडास-बाथरूमचे काम काढले होते का?

घराचे नूतनीकरण म्हटले की आपण टाइल्स निवडण्यात चार रविवार घालवतो आणि पाइपांचे काम ठेकेदारावर सोडून देतो. परवानगी म्हणजे तर नुसती कटकट! पण पिण्याचे पाणी आणि मैलापाणी यांची गाठ पडू न देणे, हेच या नियमांचे मूळ आहे. 1933 साली शिकागोतील हॉटेलांत सदोष जोडण्यांमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले आणि अमीबाच्या आमांशाने 98 जण दगावले. 2003 मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स संकुलात तीनशेहून अधिक रहिवाशांना सार्स झाला. तेथील तपासात बोट गेले ते बाथरूममधल्या कोरड्या पडलेल्या ट्रॅपकडे. ट्रॅपच्या बाकात साठलेले पाणी मैलावाहिनीतली हवा घरात येऊ देत नाही. ते आटले की वाट मोकळी.

आपल्याकडे धोका जास्तच. पाणी ठरावीक वेळीच येते. ते गेले की वाहिनीतला दाब उतरतो आणि गळक्या सांध्यातून बाहेरची घाण आत ओढली जाते. वाहिनीला थेट मोटर लावली की ही ओढ वाढते. मग येतात विषमज्वर, हिपॅटायटिस ए आणि ई. यातला ई गरोदर स्त्रीच्या जिवावर बेतू शकतो.

राष्ट्रीय बांधकाम संहिता 2016 मध्ये प्लंबिंगसाठी स्वतंत्र भाग आहे. मुंबईत 1888 च्या महापालिका कायद्याचे कलम 342 फरशी बदलणे, बाथरूमची दुरुस्ती, जुने पाइप बदलणे अशा कामांना सूट देते; भार पेलणारी भिंत काढणे किंवा जमिनीची पातळी खाली नेणे यांना देत नाही. सूट परवानगीतून आहे, काळजीतून नाही. इतर शहरांत आपल्या महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या कार्यालयात आधी विचारावे.

काम काढताना परवानाधारक प्लंबरच बोलवा. संडासाची जागा हलवायची असेल तर खालच्या घरात त्याखाली काय आहे ते पाहा; कोणाच्या ओट्यावर आपला संडास नको. नळाचे तोंड टाकीतल्या पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षा उंच हवे. ट्रॅपमध्ये किमान 50 मिलिमीटर पाणी राहायला हवे. वापरात नसलेल्या मोरीत अधूनमधून तांब्याभर पाणी ओता. टाइल्स बसण्याआधी पाइपांची पाणी भरून चाचणी घ्या आणि फोटो काढून ठेवा.

परवानगीच्या खेटे घालण्याने लोक पळवाटा शोधतात, हेही खरे. महापालिकांनी छोट्या कामांसाठी एक पानी अर्ज आणि ठरावीक मुदत ठेवावी. सोसायट्यांनी ना-हरकत देताना लिफ्टच्या वापराबरोबर पाइपांचा नकाशाही मागावा. कारण आपल्या घरातली चुकीची जोडणी आपल्याच घरापुरती राहत नाही. तिचे पाणी शेजारचे मूलही पिते.