काचेवरची रेघ

तसा मी डिग्रीने सिव्हिल इंजिनिअर, पोटापाण्याने जावावाला. म्हणजे बॅचमधल्या निम्म्या जनतेसारखाच. सर्व्हेइंग हा विषय फायनल सबमिशनबरोबर संपला असं समजून होतो.. गेल्या पावसाळ्यापर्यंत.

आमचं शेत मेहकर तालुक्यात. काळी जमीन, पाणी साचलं की सोयाबीन पिवळं पडतं. म्हणून काकांनी उन्हाळ्यात ८० मीटरचा चर खणून घेतला, लेव्हल भाड्याने आणून. उतार धरला ८ सेंटीमीटर. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी नाल्याकडे जायचं सोडून शेतात. काकांचा फोन, "काहून रे, तू इंजिनिअर ना? पानी चढावर जाते काय?"

शनिवारी गेलो, तीच लेव्हल पुन्हा मागवली. तिच्या दुर्बिणीत डोळ्याच्या बाजूला काचेची एक छोटी चकती असते, रेटिकल. तिच्यावर एक आडवी रेघ, एक उभी आणि वर-खाली दोन आखूड रेघा. (त्या दोन आखूड रेघांमध्ये स्टाफचा जेवढा भाग दिसतो त्याला १०० ने गुणलं की स्टाफ किती लांब आहे ते कळतं. मला हे अजूनही जादूच वाटतं.) पूर्वी काचेऐवजी चक्क कोळ्याच्या जाळ्याचा धागा ताणत. सगळा कारभार आडव्या रेघेवर. मोटरसायकलवर आदळत आलेल्या यंत्रात ती केसभर सरकली, तरी आकडे तितकेच स्वच्छ दिसतात. गोची तीच आहे.

५० मीटरवर दोन खुंट्या ठोकल्या. आधी बरोबर मधोमध लेव्हल लावली. तिथून दोन्हीकडे चूक सारखीच, त्यामुळे वजाबाकीत उडते. मग एका खुंटीजवळ लावली. फरक तोच यायला हवा होता, आला ६ सेंटीमीटर जास्त. चर आखताना लेव्हल वरच्या टोकाला ठेवली होती, म्हणजे ८० मीटरला चूक जवळजवळ १० ची. आमचा चर उलटा २ सेंटीमीटर चढत होता! दहा रीडिंगची सरासरी काढली असती तरी दहाही वेळा हेच.

"डिजिटल घ्या" हा सल्ला मित्रांनी लगेच दिला. अरे, टोटल स्टेशनलाही दुर्बीण असते, तिचीही रेषा सरकते. १८०२ साली मद्रासजवळ तळरेषा मोजून विल्यम लॅम्ब्टनने सुरू केलेला सर्व्हे विदर्भापर्यंत आला, तो स्वतः १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. अर्ध्या टनाचं थिओडोलाइट हाताशी असूनही वाटेत नव्या तळरेषा मोजून तो आपलंच गणित पडताळत होता. आणि आपण? पेट्रोल पंपावर शून्य बघतो, लेव्हलवाल्याला मात्र काही विचारत नाही. माझं स्पष्ट मत, भाड्याच्या लेव्हलची खुंट्यांची तपासणी गिऱ्हाइकासमोरच व्हायला हवी. अर्धा तास लागतो हो.

स्क्रू फिरवून रेघ जागेवर आणली. चर पुन्हा खणला, जेसीबीचे पैसे वेगळे, आणि दोन एकर सोयाबीन गेलं ते गेलंच. लेव्हल देणाऱ्याला सांगितलं तर म्हणे, आजवर कोणाची तक्रार नाही.