मत आणि मतांतर

२०२४ सालच्या विधानसभा निवडणुकीचे दिवस होते. नंदुरबार शहरांतील एका परिचित घरीं रात्रीचीं पानें मांडलीं होतीं. बोलण्याच्या ओघांत एका उमेदवाराचें नांव निघालें, तोंच घरांतील कर्ते गृहस्थ म्हणाले, "तो ख्रिस्ती आहे म्हणतात. त्याला आपलें मत कशाला?" क्षणभर कोणी कांहीं बोललें नाहीं. मग वाढतां वाढतां धाकटी सून हळूच म्हणाली, "मामंजी, तो कोणत्या देवाला हात जोडतो हें आपण सर्वांनीं ऐकलें आहे; पण आश्रमशाळांसाठीं त्यानें काय केलें, हें आपल्यापैकीं कोणाला सांगतां येईल का?" मामंजी हंसले खरे; पण उत्तर कोणासच देतां आलें नाहीं.

हा प्रश्न या जिल्ह्यांतील घराघरांचा आहे. १९९८ सालीं धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यांतील चारही विधानसभा मतदारसंघ आणि नंदुरबारची लोकसभेची जागा अनुसूचित जमातींसाठीं राखीव आहेत. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें दर शंभर माणसांत सुमारें एकोणसत्तर आदिवासी आहेत. त्यांत नवापुराकडील कांहीं कुटुंबें ख्रिस्ती आहेत. शहरांतील पांढरपेशा कुटुंबाला येथें उमेदवार होतां येत नाहीं. निवड करणें एवढेंच त्याच्या हातीं आहे. ती निवड कोणत्या कसोटीवर करावयाची, हाच खरा मुद्दा.

कायद्याचें म्हणणें स्पष्ट आहे. १९५० च्या आदेशानें अनुसूचित जातींना धर्माची अट घातली; तींत पुढें १९५६ सालीं शीख व १९९० सालीं बौद्ध यांचा समावेश झाला. जमातींच्या आदेशांत मात्र अशी अट नाहीं. १९६२ सालीं बिहारांतील लोहारदगा येथें कार्तिक उरांव हे डेव्हिड मुंजनी यांच्याकडून पराभूत झाले. ख्रिस्ती माणूस उरांव कसा, या आक्षेपावर प्रकरण पाटणा उच्च न्यायालयांत गेलें. धर्म पालटल्यानें जमात सुटत नाहीं, असा निर्णय झाला.

हें सर्वांस मान्य आहे असें नाहीं. धर्मांतरितांना जमातींच्या यादींतून वगळावें, ही मागणी कार्तिक उरांव यांनींच पुढें संसदेंत लावून धरली, आणि ती आजही केली जाते. कुळाचार सोडलेल्यांनीं सवलती कां घ्याव्या, असें तिचे समर्थक विचारतात. त्या वादाचा निकाल संसदेनें करावा. परंतु तोंपर्यंत कायद्यानें पात्र ठरलेल्या माणसाला केवळ उपासनेवरून अपात्र मानणें, हा न्याय नव्हे.

हा रोग आपल्याच देशाचा आहे असेंही नाहीं. अमेरिकेच्या घटनेंत सरकारी पदासाठीं धर्माची कसोटी घेऊं नये असें स्पष्ट कलम आहे. तरीही मॉर्मन पंथाचे रीड स्मूट १९०३ सालीं सिनेटवर निवडून आले तेव्हां त्यांना काढून टाकण्याची खटपट सुरू झाली. त्यांची बायको एकच होती. पण बहुपत्नीत्वाचा डाग पंथाचा म्हणून त्यांनाही लागला. चौकशी वर्षानुवर्षें चालून १९०७ सालीं त्यांची जागा कायम झाली. पुढें शतकानंतर, २०१२ सालीं, मिट रॉम्नी अध्यक्षपदासाठीं उभे राहिले, तेव्हांही त्यांच्या पंथाची चर्चा थांबली नाहीं. कलम कागदावर लिहिणें सोपें. मनांत उतरवणें कठीण.

आपल्या वडिलांच्या पिढ्यांनींही हें भोगलें आहे. पुण्याच्या पंचहौद मिशनमधील १८९० सालच्या चहापायीं रानडे-टिळकांसारख्यांना ग्रामण्याला तोंड द्यावें लागलें. पेल्यावरून माणसाची परीक्षा करणाऱ्या त्या पंचांना आज आपण हंसतों. मग क्रुसावरून उमेदवाराची परीक्षा करणाऱ्याला आपलीं नातवंडें हंसणार नाहींत काय?

धर्माच्या नांवानें मत मागणें हा आपल्या कायद्यांत भ्रष्टाचार आहे. मुंबईच्या सांताक्रूझ मतदारसंघांतील १९९० च्या निवडणुकीवरून निघालेल्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २ जानेवारी २०१७ रोजीं चार विरुद्ध तीन मतांनीं ठरविलें कीं, उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माचें आवाहनही त्यांत येतें. परंतु हा कायदा व्यासपीठापर्यंत पोंचतो. आपल्या जेवणघरापर्यंत पोंचत नाहीं. तेथें कायदा चालतो तो विवेकाचा, आणि तो वडील मंडळींच्या तोंडून मुलांच्या कानीं जातो.

म्हणून वाचकहो, पुढील निवडणुकीच्या आधीं आपल्या पंक्तींत त्या सुनेचा प्रश्न एकदां विचारून पाहा. उत्तर मिळाल्यावर मत कोणालाही द्यावें. उत्तर न शोधतां मात्र नाकारूं नये.