तळहातावरचे महायंत्र

गेल्या रविवारी बैठक आटोपून घरी आलो, तर आमचे चिरंजीव जमिनीवर प्लास्टिकच्या विटा पसरून बसलेले. मावसभावाने दिलेला जुना, मिसळ डबा. त्यातून वीतभरही उंच नसलेला यंत्रमानव उभा राहत होता. खांद्यावर तोफ, हातात ढाल. आम्ही म्हणालो, "खेळायला युद्धच सापडलं का?" तो म्हणाला, "पप्पा, आधी याचा गुडघा बसू द्या."

दोन वर्षांपूर्वी याच रागाच्या भरात आम्ही त्याची खेळण्यातली बंदूक मोडली होती. तेव्हापासून तो आम्हांला काही दाखवायला येत नसे. ते आठवले आणि आम्ही शेजारी मांडी घातली.

ही महाकाय युद्धयंत्रे मुळात जपानी कल्पनेतली. 1972 साली गो नागाई यांच्या 'माझिंगर झेड'मध्ये मुलगा यंत्राच्या डोक्यात बसून ते चालवू लागला. 1979 साली योशियुकी तोमिनो यांची 'मोबाईल सूट गंडम' ही मालिका आली. यंत्र 18 मीटर उंच आणि चालवणारा 15 वर्षांचा पोर! त्यात युद्धाची मौज नाही. घरे सुटतात, माणसे मरतात, पोर हादरून जातो. शत्रूच्या यंत्रातही माणूसच बसलेला असतो. प्रेक्षक कमी म्हणून मालिका 43 भागांत आटोपली. पण 1980 साली त्या यंत्राचे 300 येनचे मॉडेल निघाले आणि मुलांच्या त्यावर उड्या पडल्या.

विटा मात्र डेन्मार्कच्या. बिलुंड गावचे सुतार ओले कर्क क्रिस्टियानसेन 1932 साली लाकडी खेळणी करू लागले, त्यातूनच लेगो कंपनी उभी राहिली. 1958 साली विटेला आजची घडण मिळाली. तेव्हाची वीट आजच्या विटेत घट्ट बसते. ही कंपनी आजच्या सैन्याचे हुबेहूब रणगाडे काढत नाही. पण हौशी मंडळींनी त्याच विटांतून काल्पनिक युद्धयंत्रे घडवली. अमेरिकेतले विन्सेंट बेकर आणि जोशुआ न्यूमन यांनी 2012 साली 'मोबाईल फ्रेम झीरो: रॅपिड अटॅक' हे नियमांचे पुस्तकच काढले. आपण घडवलेली छोटी यंत्रे मांडायची, फासे टाकायचे. मार बसला की यंत्रावरचे एखादे हत्यार उपटून बाजूला ठेवायचे.

खरी गंमत हिशेबात आहे. एका खुंटीपासून दुसरीपर्यंत अंतर 8 मिलिमीटर, चपट्या पट्टीची जाडी 3.2 मिलिमीटर. पाच पट्ट्या एकावर एक ठेवा, 16 मिलिमीटर होतात. म्हणजे बरोबर दोन खुंट्या! म्हणूनच आडवी फिरवलेली वीट उभ्या विटांत चपखल बसते. आमची उमर जमाखर्च जुळवण्यात गेली, पण असा जुळलेला हिशेब पाहून मन प्रसन्न झाले.

तरी यंत्र पुढे तोंडावर पडे. तोफेचा भार पुढे आणि पाऊल आखूड. आम्ही डबा उपसून एक लांब पट्टी शोधली, त्याने ती तळव्याला लावली आणि यंत्र उभे राहिले. मग आम्ही विचारले, "यात कोण बसतो?" तो थोडा थांबून म्हणाला, "माझ्याएवढा मुलगा." "आणि समोरच्यात?" तो बराच वेळ बोलला नाही. शेवटी म्हणाला, "तोपण तेवढाच असेल."

पालकांनो, बंदूक मोडून आम्ही जे शिकवू शकलो नाही, ते या एका प्रश्नाने साधले. मुलाच्या हातातले खेळणे हिसकावण्याआधी क्षणभर त्याच्याजवळ बसा. महागडा डबा घ्यायलाच हवा असे नाही. जुन्या, सुट्या विटाही चालतात. त्यांना वेळ मात्र आपला लागतो.

आमचे यंत्रही तयार झाले आहे. एक पाय आखूड आहे. चिरंजीव म्हणतात, "पप्पा, राहू द्या, मी बसवतो."