जरीची राख होण्यापूर्वी

कात्रजच्या चौकात विजेच्या खांबांवर अधूनमधून एक छापील चिठ्ठी डकवलेली दिसते: जुन्या जरीच्या साड्या, शेले, पैठण्या रोख भावाने घेतल्या जातील. घेणारा ती वस्त्रे नेसण्यासाठी घेत नाही, हे देणाऱ्यासही ठाऊक असते. काठपदर कापावा, जाळावा आणि राखेतून चांदी गाळावी, एवढाच त्या व्यवहाराचा अर्थ. त्यात बेकायदा असे काही नाही, आणि अडचणीच्या वेळी पेटीतली पैठणी मोडणाऱ्या गृहिणीस बोल लावण्याचा अधिकारही कोणास नाही. परंतु पेशवे दफ्तरातील एखादा रुमाल कोणी रद्दीच्या भावाने विकला, तर जे पुणे शहर खडबडून उठेल, तेच शहर जरीच्या या दहनाकडे इतक्या स्वस्थ चित्ताने कसे पाहते, याचे नवल वाटते.

आपल्या दमट मातीत कापड टिकत नाही. ज्या तगर नगरीतून, म्हणजे आजच्या तेरहून, भडोचच्या बंदराकडे कापड जात असल्याचे ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रंथाच्या ग्रीक लेखकाने नमूद केले, तेथील उत्खननांत मणी, खापरे, मृण्मूर्ती विपुल निघाल्या; वस्त्र मात्र मातीत मिळून गेले. अपवाद घडतो तो बहुधा धातूच्या कृपेने. डॉ. सांकलियांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने नेवासे येथे उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाणयुगीन बालकाच्या गळ्यातील तांब्याच्या मण्यांमध्ये ओवलेल्या धाग्याचा अंश शिल्लक होता आणि त्यात कापूस व रेशीम ओळखले गेले. तांब्याचे क्षार जंतूंना मारक ठरतात, म्हणून तेवढा तंतू तीन हजारांहून अधिक वर्षे वाचला. युरोपातील थडग्यांतून व चर्चच्या भांडारांतून मध्ययुगीन जरतारी वस्त्रे बऱ्याच संख्येने हाती आली, आणि तेथील संशोधकांनी त्या तारांचे पृथक्करण करून कोणते सोने अस्सल पत्र्याचे व कोणते जनावराच्या आतड्याच्या पातळ पापुद्र्यावर चढवलेला मुलामा, याचा निवाडा केला. आपल्याकडे जमिनीखाली ते धन नाही. आहे ते कपाटांत आणि ट्रंकांत, आणि तेच आपण भट्टीत घालतो आहोत.

एका धाग्यात वाचण्यासारखे असते तरी काय? केसाहून बारीक चपटी तार रेशमाच्या गाभ्यावर गुंडाळलेली असते. सोनेरी जरीखाली पिवळे रेशीम, रुपेरी जरीखाली पांढरे, अशी जुन्या कारागिरांची सर्वसाधारण रीत. सूक्ष्मदर्शकाखाली तारेची कड धारदार दिसली तर पत्रा कापून पट्टी काढली आहे. कड गोलसर आणि अंगावर लांबट ओरखडे असतील तर ती तारकसाने जंत्रीच्या छिद्रांतून ओढून मग चपटी केली आहे. सोने एकाच बाजूस असेल तर मुलामा आधी पत्र्यावर चढला. चहूबाजूंनी असेल तर चांदीच्या कांबीवर सोन्याचा वर्ख बसवून ती कांब ओढली गेली, आणि मायक्रॉनहूनही पातळ झालेला तो थर शेवटपर्यंत तुटला नाही. पाऱ्याचा अंश सापडला तर मुलामा पारा उडवून दिलेला. तांबे अधिक निघाले तर चांदीत हीण आहे, अथवा ती सच्ची जर नव्हेच. काळी पडलेली जर पाहून लोक ती खोटी समजतात, पण हवेतील गंधकाने काळवंडते ती चांदीच. (उत्साहाच्या भरात ती घासून चकचकीत करणारे हात भट्टीइतकेच घातक, हेही येथेच सांगून ठेवतो.) क्ष-किरणांचे हातात धरण्याजोगे यंत्र वस्त्रास इजा न करता धातूंची नावे सांगते, मात्र सोन्याचा थर आणि आतील चांदी यांची ते सरमिसळ करते; थराची जाडी हवी असेल तर दोनतीन मिलिमीटरचा सुटलेला तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घालावा लागतो. सुटलेला तुकडा कोणत्या जुन्या शेल्याला नसतो?

पुण्यात हे काम व्हावे, यास कारण आहे. माधवराव पेशव्यांनी पैठणहून केशरी, डाळिंबी, हिरव्या रंगांचे असावली दुपट्टे मागवले, खिलतीचे पोशाख दिले-घेतले गेले, जामदारखान्याचे हिशेब राहिले. याच शहराच्या पेठांत जरीचा धंदा चाले, त्याचे वर्णन १८८५च्या गॅझेटियरात आहे. तथापि कागद किंमत सांगतो, कस सांगत नाही. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्याकडे नेलेला नळ जमिनीखाली अजून आहे, उच्छ्वासातून, म्हणजे त्यावरील हवेच्या झरोक्यातून, उतरून मापता येतो; म्हणून त्याविषयी कोणी वाटेल ते विधान करू धजत नाही. पेशवाईच्या जरीविषयी मात्र ‘शुद्ध सोन्याची’ अशी विधाने सर्रास होतात, आणि ती तपासण्याची तसदी कोणी घेत नाही. माझ्या मते त्यांतील बहुतेक पहिल्याच परीक्षेत गळून पडतील, आणि त्यात पैठणच्या विणकरांचा काडीचाही अवमान नाही. चांदीवर इतका अल्प मुलामा पिढ्यान्‌पिढ्या टिकवणे हेच खरे कसब.

राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी वस्त्रे आहेत, डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वज्ञ आहेत, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहेत, पुरालेखागारात दफ्तर आहे. या चौघांना एका मेजाभोवती बसवण्याचे काम राज्याच्या पुरातत्त्व खात्याने अंगावर घ्यावे. आणि वाचकांनी एवढेच करावे: साडी विकायचीच असेल तर खुशाल विका, पण तिचा काठपदरासह वीतभर तुकडा कापून घ्या, न धुता, न घासता, आम्लरहित कागदात गुंडाळा, आणि ती कोणाची, कोठून व केव्हा घेतलेली, हे चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.