थांबण्याचें कसब

द्यूतापेक्षां द्यूताच्या सौम्य उपदेशकांचें आम्हांस अधिक भय वाटतें. ‘खेळावें, पण केव्हां उठावें हें कळलें पाहिजे,’ असें ते सांगतात. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्ण झाल्यापासून, सकाळीं रत्नागिरीहून निघालेला मनुष्य सायंकाळीं पणजीस, मांडवीच्या पात्रांतील कॅसिनोच्या बोटीवर बसूं शकतो. सबब या उपदेशाची परीक्षा होणें अवश्य आहे.

प्रथम गणित पाहूं. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे १८९९ सालीं केंब्रिजचे पहिले हिंदी सीनियर रँग्लर झाले, ते याच जिल्ह्यांतले. तेव्हां येथें हा हिशेब जड जाऊं नये. रूलेटच्या चाकास शून्य धरून ३७ घरें असतात. जिंकणाऱ्यास मात्र एका रुपयावर ३५ रुपयेच मिळतात. म्हणजे लावलेल्या दर शंभर रुपयांमागें सरासरीनें २ रुपये ७० पैसे मालकाचे. चाकास स्मरण नसतें. दहा वेळां हरलेल्यावर अकराव्या वेळीं तें दया करीत नाहीं. जिंकतां जिंकतां उठलेला गृहस्थ पुढील खेपेस त्याच चाकापुढें बसतो. त्याचें उठणें म्हणजे दोन डावांमधला विसावा.

आतां मन पाहूं. जिंकणारा म्हणतो, दैव उघडलें असतां उठूं कसा? हरणारा म्हणतो, गेलेलें मिळविल्यावांचून उठूं कसा? ज्या बुद्धीनें थांबावयाचें, तीच आधीं पणाला लागलेली असते. युधिष्ठिरास धृतराष्ट्रानें हरलेलें सर्वस्व परत दिलें. उठण्यास याहून चांगली संधि कोणास मिळाली आहे? तरी तो अर्ध्या वाटेवरून पुन्हां द्यूतास परतला, आणि बारा वर्षें वनवास व एक वर्ष अज्ञातवास पदरीं पाडून घेतला.

कोणी म्हणेल, करमणुकीपुरते हजार रुपये नेले तर काय बिघडलें? तेवढेच नेले व ते गेलेच असें समजला, तर आमचें भांडण नाहीं. पण तो निश्चय घरीं झाला, पटावर नव्हे. शिवाय आज खिशांतल्या मोबाईलमध्यें सारी पेढी असते. आंब्याच्या हंगामाची कमाई आणि मुलांची फी एका बोटाच्या अंतरावर असते, आणि तीं ज्यांचीं, त्यांस त्या रात्रीं कोणी विचारीत नाहीं.

खुद्द सरकारांचें वर्तन पाहा. गोवा सरकारनें २०२० सालीं गोमंतकीयांस कॅसिनोंत खेळण्यास मनाई केली. शेजाऱ्यांस दार उघडेंच ठेविलें. थांबण्याचें कसब शिकवितां येतें, तर तें आधीं घरच्यांस शिकविलें नसतें काय? महाराष्ट्रानें कॅसिनोंचा कायदा १९७६ सालीं केला, तो कधीं अंमलांत आणिला नाहीं, आणि २०२३ सालीं रद्दच केला. हेंच खरें थांबणें.

म्हणून घरांतल्या तरुणास ‘जपून खेळ’ असें सांगूं नये. उठण्याची खात्रीची वेळ एकच आहे : बसण्यापूर्वींची.