दिसला नाही म्हणजे नाहीच का? पांढऱ्या पोटाच्या बगळ्याचा प्रश्न

बगळा म्हटलं की शेतात गुरांमागे फिरणारा पांढरा पक्षी आठवतो. पण अरुणाचल प्रदेशच्या नामदफा राष्ट्रीय उद्यानात एक बगळा असा आहे, जो अनुभवी पक्षीनिरीक्षकांनाही क्वचितच दिसतो.

कोणता आहे हा पक्षी?

पांढऱ्या पोटाचा बगळा. रंग राखाडी, उंची सुमारे सव्वा मीटर. एवढा मोठा असूनही तो लाजाळू आहे. एकटा राहतो आणि माणसाची चाहूल लागताच उडून जातो. भारत, भूतान आणि म्यानमारमध्येच तो प्रामुख्याने उरला आहे. जगभरात त्याचे प्रौढ पक्षी २५० पेक्षाही कमी असल्याचा अंदाज आहे. २००७ पासून तो 'अतिसंकटग्रस्त' यादीत आहे.

मग नामदफाच का?

१,९८५ चौरस किलोमीटरचं हे उद्यान सुमारे २०० मीटरपासून ४,५०० मीटरहून अधिक उंचीपर्यंत पसरलं आहे. या बगळ्याला मात्र लागतो तो नोआ-दिहिंगसारख्या नद्यांचा उथळ, स्वच्छ आणि शांत काठ. तिथे तो मासे टिपतो आणि जवळच्या उंच झाडावर घरटं बांधतो.

धोका कुठे आहे?

उद्यानाच्या हद्दीबाहेर. हा बगळा लोहित नदीच्या खोऱ्यातही आढळला आहे आणि याच नदीवर १,२०० मेगावॅटचा कलाई-२ जलविद्युत प्रकल्प प्रस्तावित आहे. भूतानमध्ये भारताच्या मदतीने हाती घेतलेले पुनात्सांगछू प्रकल्पही त्याच्याच अधिवासात आहेत. धरणामागे उथळ काठ बुडतात. धरणाखाली वीजनिर्मितीच्या वेळेनुसार पाणी चढतं-उतरतं. उथळ पाण्यात उभं राहून मासे टिपणाऱ्या पक्ष्यासाठी दोन्ही घातक.

खरी अडचण काय?

मोठ्या धरणाला मंजुरी देण्याआधी पर्यावरणावर होणाऱ्या परिणामांचा अभ्यास बंधनकारक आहे. पण काही दिवसांच्या पाहणीत असा पक्षी दिसेलच याची खात्री नसते. अहवालात त्याचं नाव आलं नाही, तर निर्णय घेणाऱ्यांसाठी तो तिथे नसतोच.

म्हणून अशा नद्यांवर सगळ्या ऋतूंत पाहणी करणं, कॅमेरे लावणं आणि काठावरच्या मिश्मी गावकऱ्यांना विचारणं गरजेचं ठरतं. वीज हवी की पक्षी, हा वाद नंतरचा. आधी नदीकाठी कोण राहतं, हे तरी नीट मोजायला हवं.